टपावरचं पिंप

पाणी वरून खाली येतं, एवढं विज्ञान हस्तीमलजींना ठाऊक होतं. ते नेमकं कुठून खाली येईल हे मात्र आपण ठरवायचं नसतं, पाणीच ठरवतं, ही गोष्ट त्यांना वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी आणि धुळ्यातल्या सगळ्या समाजासमोर शिकावी लागली.

त्याचं असं झालं. मोठा दुष्काळ सरून दुसरं वर्ष लागलं होतं. पारोळा रोडवर, जकात नाक्याच्या जरा अलीकडे हस्तीमलजींनी प्लॉट घेतला होता आणि त्यावर घर बांधायला सिमेंटचं परमिट हवं होतं. परमिट आज-उद्या येणार होतं. सरकारी आज आणि सरकारी उद्या यांच्यामध्ये साधारण दोन वर्षं असतात, हे आग्रा रोडवर वीस वर्षं कापड विकणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. पण त्यांनी गावातलं भाड्याचं घर आधीच सोडलं होतं. तेव्हा त्यांनी जळगावला एका बंद पडलेल्या मोटार कंपनीच्या लिलावात एक म्हातारी बस घेतली, ट्रॅक्टरने ओढत धुळ्याला आणली, चाकं काढून विटांच्या खांबांवर चढवली आणि आत संसार मांडला.

संसार तीन माणसांचा. स्वतः हस्तीमलजी, पत्नी धनकुंवर आणि वडिलांची विधवा बहीण सज्जनबाई, म्हणजे भुआसा. ड्रायव्हरच्या जागी स्वयंपाकघर झालं, मधल्या बाकांच्या जागी बैठक आणि मागच्या लांब बाकावर भुआसांचं अंथरूण. 'गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये' ही पाटी कोणी काढली नाही. ती आता बरोबर चुलीच्या वर आली होती आणि धनकुंवर स्वयंपाक करत असताना हस्तीमलजी ती निमूट पाळत.

प्रश्न फक्त पाण्याचा होता. शेजारचे शेतकरी लोटन आबा यांची विहीर शंभर पावलांवर होती आणि आबांचा पाण्याला नकार नव्हता. पण शंभर पावलं घागर घेऊन धनकुंवरने रोज किती वेळा चालायचं? "ज्या घरात नळ नाही ते घर कसलं," असं हस्तीमलजी म्हणाले. वास्तविक घर नव्हतंच, तिथे नळाचा हट्ट कशाला, असं त्यांना कोणीतरी विचारायला हवं होतं. पण त्या वेळी जवळ होता तो चुडामण.

चुडामण हा भडगावचा मिस्त्री. याच बसवर त्याने बावीस वर्षं काम केलं होतं. बस विकली गेली तेव्हा तो तिच्यामागून आला, लेकीला सासरी पोचवायला यावं तसा, आणि मग राहिलाच. त्याने टपावरच्या सामानाच्या कठड्यात एक मोठं पिंप बसवलं, डिझेलच्या बॅरलचा हातपंप त्याला जोडला, आबांच्या इंजिनाने विहिरीतून खालच्या टाकीत आलेलं पाणी वर चढवलं आणि तिथून नळी काढून दरवाजावरून आत स्वयंपाकघरात आणली. नळीच्या टोकाला तोटी बसवली ती बसच्याच रेडिएटरची. पहिला आठवडा चहाला डिझेलचा वास आला. भुआसांनी तो आठवडा उपवास करून काढला आणि त्याचं पुण्य हस्तीमलजींच्या खात्यावर जमा होणार नाही असं बजावलं.

पाणी आलं तसं एक दिवस अचानक थांबलंही. चुडामणने नळीला कान लावला आणि डॉक्टरच्या चेहऱ्याने निदान सांगितलं, "शेठ, एअर धरी लिधा. डिझेल लाईनना मायक ब्लीड करनी पडी." मग अडकलेली हवा काढायला त्याने नळी तोंडात धरून अशी ओढ मारली की पाणी आलं, पण त्याच्याबरोबर पिंपातली एक पालही आली. लोटन आबा बांधावर बसून हे पाहत होते. ते म्हणाले, "शेठ, पानी वर चढावाले मानूस लागस. खाले ते आपोआप उतरस. त्याना मांगे लागू नका."

हा सल्ला हस्तीमलजींनी ऐकला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

आता भुआसांची बाजू. जैन समाजातल्या जुन्या बायका पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं. पण गाळणं ही निम्मीच गोष्ट आहे. गाळताना कापडात जे सूक्ष्म जीव अडकतात, ती जिवाणी, ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात अलगद परत सोडायचे असतात. विहिरीचे विहिरीत, तळ्याचे तळ्यात. त्यासाठी भुआसांकडे बुडाला कडी असलेली एक पितळी बादली होती. ती दोरीने सोडली की विहिरीत पाण्याला टेकल्यावरच उलटे, म्हणजे जिवांना वरून पडल्याची इजा होत नसे. भुआसांनी विचारलं, "नळाचं पाणी मी गाळीन. पण ते आलं पिंपातून. जिवाणी पिंपात सोडायला टपावर चढणार कोण?"

रोज सकाळी धोतर खोचून बसच्या मागच्या शिडीवरून हस्तीमलजी चढू लागले. पारोळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांतले लोक हात हलवत. एकदा एका गाडीच्या कंडक्टरने जागा आहे का म्हणून विचारलं.

पाच-सहा दिवसांत त्यांच्या गुडघ्यांनी तक्रार केली आणि डोक्याने तोड काढली. माणूस कापडाच्या धंद्यातला. त्यांनी दुकानातली उत्तम जाड खादी दुहेरी शिवून तिची पिशवी केली आणि ती पिंपाच्या आतच, नळीच्या तोंडावर बांधून टाकली. म्हणजे पाणी पिंपातून निघतानाच गाळलं जाणार आणि जीव पिंपातल्या पिंपातच राहणार. भुआसांनी यावर दोन सामायिकं, म्हणजे दीड तासाची ध्यानाची बैठक, होईपर्यंत विचार केला. शेवटी म्हणाल्या, "जीवांनी घर सोडलंच नाही, तर परत कुठे पोचवायचं? बरोबर आहे रे." आयुष्यात पहिल्यांदाच भुआसांनी त्यांना बरोबर म्हटलं होतं. हस्तीमलजी दुकानावर गेले आणि पहिल्या गिऱ्हाइकाला न मागता आठ आणे सोडले.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पिशवी अकरा दिवस चालली. बाराव्या दिवशी तोटीतून करंगळीएवढी धार येऊ लागली आणि तिला तळ्यासारखा वास येऊ लागला. चुडामण टपावर चढला, पिंपात डोकावला आणि टोपी काढून खाली उतरला. आत हिरवं झालं होतं. पिंप धुवायला हवं होतं.

कोणत्याही दुसऱ्या घरात पिंप उलटं केलं असतं, चार बादल्या मारल्या असत्या आणि काम झालं असतं. पण या पिंपात अकरा दिवसांची साठलेली जिवाणी होती आणि ती जमिनीवर ओतणं म्हणजे काय ते भुआसांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. तेव्हा तळाचं सगळं हिरवं पाणी घागरी-घागरीने टपावरून उतरवून लोटन आबांच्या विहिरीवर न्यायचं ठरलं. पहिली घागर पोचली तेव्हा आबा विहिरीच्या काठावर दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"शेठ, मी तुमले चांगलं पानी दिधं अन् तुम्ही माले हाई परत दी ऱ्हायनात?"

हस्तीमलजींनी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. हे जीव मूळचे याच विहिरीचे, आम्ही फक्त माहेरी पोचवतोय, वगैरे. आबा श्रद्धाळू माणूस. त्यांनी घागरीत वाकून पाहिलं.

"मना इहीरना शेतस? मंग येऊ द्या. पन इतला लठ्ठ व्हईसन कसा उनात?"

दर अकरा दिवसांनी ही पोचवणी होऊ लागली. त्यातच आबांचं इंजिन चार दिवस बंद पडलं आणि हस्तीमलजींनी नाक्यावरच्या नगरपालिकेच्या नळावरून बैलगाडीने पाणी आणून पिंपात ओतलं. दुष्काळात तेरावा महिना तो हाच. नगरपालिकेचं पाणी नकाण्याच्या तलावाचं. म्हणजे आता पिंपात विहिरीचे जीव आणि तलावाचे जीव एकत्र नांदू लागले होते आणि कोण कुठला हे कोणालाही सांगता येत नव्हतं. भुआसांनी न्याय केला. अर्धी जिवाणी विहिरीत, अर्धी तलावात.

तलाव गावाच्या दुसऱ्या टोकाला. हस्तीमलजी सायकलच्या हँडलला पितळी बादली अडकवून, एक थेंब सांडू न देता, स्वतःच्याच दुकानावरून मान वळवून पुढे गेले. तलावावरच्या रखवालदाराने हटकलं.

"काय टाकताय?"

"पाणी."

"कुठलं पाणी?"

"इथलंच आहे."

रखवालदाराने आपली वही उघडून चाळली. तलावातलं पाणी चोरून नेणाऱ्यासाठी त्याच्याकडे कलम होतं, परत आणून देणाऱ्यासाठी नव्हतं. शेवटी त्याने हस्तीमलजींचं नाव, बापाचं नाव आणि टोपीचा रंग लिहून घेतला व जाऊ दिलं. पुन्हा म्हणून तलावाला जायचं नाही, अशी शपथ हस्तीमलजींनी परतताना तीन वेळा घेतली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्या वर्षी धुळ्यात चार महासतीजींचा चातुर्मास होता.

या साध्वी गोचरीला, म्हणजे भिक्षेला, येतात त्या न सांगता. आमंत्रण चालत नाही, त्यांच्यासाठी म्हणून काही शिजवलेलं किंवा उकळलेलंही चालत नाही. घरात घरच्यांसाठी केलेलं असेल त्यातलं थोडं घेतात आणि पुढे जातात. आणि देणाऱ्याच्या अंगाला त्या वेळी कच्च्या, म्हणजे न उकळलेल्या, पाण्याचा थेंब जरी लागलेला असला, तरी घर 'असूझतं' होतं. मग त्या काही न घेता मागे फिरतात. राग नाही, लोभ नाही, नियम आहे.

धनकुंवरला मूल नव्हतं. तिने आयुष्यात दागिना मागितला नव्हता, सिनेमा मागितला नव्हता, मोटारीत राहायला चल म्हटल्यावर तिने फक्त पदर खोचला होता. या चातुर्मासात सतीजींची पात्रं एकदा आपल्या दारात भरावीत, एवढं एकच तिच्या मनात होतं. ते ती बोलली नाही, पण रोज सकाळी ती दाराशी ज्या तऱ्हेने उभी राही त्यावरून हस्तीमलजींना कळत होतं.

श्रावणात एका सकाळी दोन सतीजी खरोखरच पारोळा रोडने आल्या. धनकुंवर भाकरीचं ताट घेऊन दारात आली. मोठ्या सतीजींनी पात्र पुढे केलं आणि वरच्या नळीच्या जोडातून एक थेंब निघाला, दरवाजाच्या कडेवर थोडा थांबला आणि धनकुंवरच्या मनगटावर पडला.

सतीजींनी वर पाहिलं, पात्र मागे घेतलं आणि त्या शांतपणे परत फिरल्या. धनकुंवर ताट हातात घेऊन किती वेळ उभी होती ते तिला कळलं नाही. मग तिने भाकऱ्या परत डब्यात ठेवल्या आणि नवऱ्याला रोजच्यासारखं जेवायला वाढलं, आणि त्याचंच हस्तीमलजींना भय वाटलं.

त्या दिवसापासून ते दुकानात कमी आणि टपावर जास्त दिसू लागले. सल्ल्यांना तोटा नव्हता. एका गिऱ्हाइकाने सफेदा आणि सुतळी सांगितली. दुसऱ्याने सायकलच्या ट्यूबचं वायसर सांगितलं. शेजारच्या दुकानदाराने जोडाला गूळ आणि चुना लावायला सांगितला. तो त्यांनी लावला, पाणी थांबलं नाही आणि मुंग्या आल्या. चुडामणने सरतेशेवटी मूळ शोधलं.

"गाडी डावा अंगे झुकेल शे, शेठ. बावीस साल पॅसेंजर डावा दरवाजाथूनच चढनात ना. पानी बी तठेच जास. सवय."

मग जॅक लावून डावी बाजू उचलली, विटा वाढवल्या. जोड कोरडा ठाक झाला. हस्तीमलजींनी त्याच्याखाली रुमाल धरून पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला आणि तो अभिमानाने धनकुंवरला दाखवला. भादव्यात सतीजी दुसऱ्यांदा आल्या. धनकुंवर उठली आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. बस आता उजवीकडे झुकली होती आणि तोटीखालचं सगळं पाणी स्वयंपाकघरात जमा झालं होतं. सतीजी पायरीवरूनच परत गेल्या.

त्या संध्याकाळी स्थानकात, म्हणजे सतीजी उतरल्या होत्या त्या धर्मस्थानात, धान्याचे व्यापारी रुपचंदजी चारचौघांत म्हणाले, "पाणी हे निमित्त आहे हो. सतीजी वाहनात पाय ठेवत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मोटारीत राहायचं आणि गोचरीची आशा धरायची!" लोक हसले. पलीकडे बायकांत धनकुंवर बसली होती. घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "सिमेंट कधी येईल हो?" आणि हस्तीमलजींना वाटलं, आपण बंगला, परमिट, पिंप या सगळ्यापेक्षा विहिरीत उडी टाकायला हवी होती. पण त्याही विहिरीत आता त्यांचीच जिवाणी होती.

दुसऱ्या दिवशी ते नगरपालिकेत गेले. रस्त्याच्या कडेने मोठा पाइप गेला होता. त्यावरून जमिनीलगत, बसपासून दूर एक नळ मिळाला तर पिंपाची पीडा कायमची जाणार होती. पाणीखात्याचे कारकून शालिग्राम यांनी अर्ज दोनदा वाचला.

"वाहनाला नळ देण्याची तरतूद नाही."

"पण साहेब, चाकं नाहीत."

"म्हणजे नादुरुस्त वाहन."

हस्तीमलजी मोटार खात्यात गेले. तिथे सहा फेऱ्यांनंतर शिक्क्यानिशी पत्र मिळालं. 'सदर वाहन हे वाहन नाही.' शालिग्रामनी ते पत्र उजेडात धरून पाहिलं.

"वाहन नाही, हे सिद्ध झालं. घर आहे, हे कुठे लिहिलंय? घराला पाया लागतो."

"पायाला सिमेंट लागतं. सिमेंटला परमिट लागतं."

"ते खातं वेगळं," शालिग्राम म्हणाले. पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, बोट फिरवत एका ओळीवर थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला. "पत्र्याचं छप्पर, खांबांवर उभं, पाया नाही. हे बसतंय. गोठा."

"मी गोठ्यात राहतो?"

"तुम्ही कुठे राहता याच्याशी पाणीखात्याचा संबंध नाही. जनावरं किती लिहू?"

हस्तीमलजी उठून चालते झाले. जिन्यापर्यंत गेले. जिन्यावर त्यांना ताट हातात धरलेली धनकुंवर आठवली आणि ते परत आले.

"तीन लिहा," ते म्हणाले.

ही तीन कोणती हे त्यांनी घरी कधी सांगितलं नाही.

नळ यायला दिवाळी उलटली. कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला आणि सतीजींचा विहार ठरला. सकाळी ऊन वर आल्यावर त्या पायी पारोळा रोडने फागण्याकडे निघणार, म्हणजे बसच्या दारावरून जाणार, आणि निरोप द्यायला सगळा संघ बरोबर. त्यानंतर धुळ्याला त्या पुन्हा कधी येतील ते कोणी सांगावं? धनकुंवरसाठी ही शेवटची सकाळ होती.

हस्तीमलजींनी आदल्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि पाण्याच्या यंत्रणेची अशी व्यवस्था केली, जी त्यांना पहिल्या दिवशीच सुचायला हवी होती. त्यांनी पिंप रिकामं केलं. शेवटची घागर विहिरीवर पोचवली, पिंप कापडाने पुसलं, नळी फुंकून कोरडी केली, पंप सोडवला, बसच्या दोन्ही बाजूंच्या विटा दोरी धरून सारख्या केल्या. घरात पाणी उरलं ते फक्त एका तांब्याच्या भांड्यात, धनकुंवर आणि भुआसा नेहमी पितात ते उकळलेलं. चुडामणने यंत्रणेकडे समाधानाने पाहिलं. आता ती मुळीच गळत नव्हती.

सकाळी धनकुंवर कोरड्या हातांनी, कोरड्या पदराने बसच्या दारात उभी राहिली. गावाकडून जयजयकार ऐकू येऊ लागला. आणि त्याच वेळी नाक्याकडून सायकलवर शालिग्राम आले. बरोबर नगरपालिकेचा फिटर.

"नळ जोडायचाय," शालिग्राम म्हणाले. "शिवाय गोठ्याची पाहणी."

"साहेब, आज नको! पाया पडतो."

"आज नको म्हणजे? अर्जात 'अत्यंत तातडीची गरज' असं तुम्हीच लिहिलंय."

सरकारी काम चार महिने होत नाही, आणि होतं तेव्हा चार मिनिटांत होतं. खड्डा आधीच खणलेला होता. फिटरने पाइप जोडला, टोकाला तोटी फिरवली, मोठ्या चावीने रस्त्यावरचा व्हॉल्व्ह उघडला, ती चावी सायकलला अडकवली आणि तो चहाला नाक्यावर निघून गेला. सकाळी आठचं पाणी ते. फिटर वळणापलीकडे गेला न गेला तोच तोटी ठप्प करून उडाली आणि धार थेट बसच्या दाराकडे झेपावली.

हस्तीमलजींनी काय केलं ते त्यांना स्वतःलाही नीट आठवत नाही. ते धारेसमोर आडवे झाले, ती सगळी अंगावर घेतली आणि दोन्ही तळवे पाइपाच्या तोंडावर दाबून गुडघे टेकून बसले. धार थांबली. बोटांच्या फटींतून थोडं पाणी त्यांच्या कोपरांपर्यंत वाहत होतं, तेवढंच. टोपी वाहून गेली होती. चुडामण चावी आणायला नाक्याकडे धावला. आणि वळणावरून पांढऱ्या वस्त्रांतल्या चार सतीजी दिसल्या, त्यांच्यामागे सगळा समाज आणि सगळ्यात पुढे रुपचंदजी.

मोठ्या सतीजी बससमोर थांबल्या. त्यांनी भिजून चिंब झालेल्या हस्तीमलजींकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. दारापुढची जमीन कोरडी होती. दारात धनकुंवर कोरडी उभी होती. तिचे ओठ हलत होते.

रुपचंदजी खाकरून म्हणाले, "सतीजी, ही मोटार आहे. वाहन. पुढे चलावं."

"वाहन कोण म्हणतं?" मागून आवाज आला. शालिग्राम वही उघडून पुढे आले. नियमाचा अर्थ आपल्याखेरीज दुसऱ्या कोणी सांगावा हे त्यांना कधीच खपत नसे. "मोटार खात्याचं पत्र आहे. 'सदर वाहन हे वाहन नाही.' शिक्का पाहा."

सगळा संघ शिक्का पाहू लागला. सतीजींनी हलकेच विचारलं, "मग काय आहे?"

शालिग्रामनी बोट जिभेला लावून पुढचं पान उलटायला घेतलं. पुढच्या पानावर गोठा होता आणि तीन जनावरं होती. हस्तीमलजींनी डोळे मिटले. हात सोडून ती वही हिसकावून घ्यावी असं त्यांना वाटलं, पण हात सोडता येत नव्हते. इतक्यात बांधावरून लोटन आबा बोलले.

"माय, मानसं ऱ्हातस तठे. रोज भांडनं ऐकू येतस माले. घरच शे हाई."

सतीजींच्या मुखवस्त्राआड काय झालं ते दिसलं नाही, पण डोळे हसले. त्यांनी अनवाणी पाऊल बसच्या पायरीवर ठेवलं, मग दुसरं, आणि त्या आत गेल्या. धनकुंवरने तांब्याच्या भांड्यातलं पाणी त्यांच्या पात्रात ओतलं. तिच्या हातून एक थेंबही सांडला नाही. "दया पालो," सतीजींनी आशीर्वाद दिला. शालिग्रामनी वही मिटली आणि काखेत धरली.

जाताना सतीजी हस्तीमलजींपासून चार पावलांवर क्षणभर थांबल्या. सगळे हात जोडून उभे होते आणि जन्मात पहिल्यांदा हस्तीमलजींना हात जोडता येत नव्हते. त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं, त्यात बाकी काय मिसळलं होतं ते त्यांचं त्यांना माहीत.

"हात सोडू नका, भाई," सतीजी म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

हे धर्माविषयी होतं की पाइपाविषयी, याचा हस्तीमलजी पुढे बरेच दिवस विचार करत होते. त्या घटकेला मात्र त्यांनी दोन्ही सोडलं नाही.

मिरवणूक दिसेनाशी झाली. धनकुंवर पायरीवर बसून डोळे पुसत होती आणि रडता रडता नवऱ्याच्या अवताराकडे पाहून हसत होती. ती कधी हसली होती हे हस्तीमलजींना आठवेना. तेवढ्यात भुआसा आल्या. त्यांच्या एका हातात गाळायचं कापड होतं, दुसऱ्यात कडीची पितळी बादली.

"थोडा हात सैल कर," त्या म्हणाल्या. "नव्या नळाचं पहिलं पाणी गाळून भरते." त्यांनी भरलं, कापड उलटं करून जिवाणी बादलीत घेतली आणि बादली हस्तीमलजींसमोर ठेवली. "हे पाणी आता तलावाचं, बरं का. उद्यापासून रोज सकाळी तलावावर पोचवायचं."

रखवालदार, त्याची वही, आग्रा रोड, दुकानावरून वळवलेली मान आणि तीन वेळा घेतलेली शपथ, सगळं हस्तीमलजींच्या डोळ्यांपुढून गेलं.

"मी येते बरोबर," धनकुंवर म्हणाली. "मागे बसेन कॅरिअरवर. बादली मांडीवर धरीन. तलाव अजून पाहिलाच नाही मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आग्रा रोडने ही सायकल निघाली तेव्हा लोक दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन बघत होते. मागे धनकुंवर डोक्यावरचा पदर दातांत धरून, मांडीवर बादली घेऊन बसली होती. रुपचंदजी आपल्या गादीवरून ओरडले, "काय हस्तीमलजी, घरात मोटार असून सायकल?"

हस्तीमलजींनी या वेळी मान वळवली नाही. सायकल थांबवली, एक पाय जमिनीला टेकला आणि पाणी सांडणार नाही अशा बेताने मागे पाहिलं.

"मोटार नाही, रुपचंदजी, घर आहे," ते म्हणाले. "सतीजींना विचारा."

आणि त्यांनी पुन्हा पायडल मारलं, कारण तलाव अजून लांब होता.